न झालेल्या कॅन्सरची विजेती

अल्लीपूरच्या लग्नांत मडक्यावरची लांब रोटी करावी ती आनंदाबाईंनीच, असं गाव मानायचं. त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडावर डाग निघाला, तो डॉक्टरीणबाईंनी गोठवून काढला आणि बजावलं, "हा कॅन्सर नाही, पुढे होऊ शकला असता. डाग आणणारा विषाणू अंगात राहू शकतो. तपासायला येत राहा."

एवढं सरळ बोलणं गावातल्या प्रत्येक मंडळाचे अध्यक्ष भैयाजी यांच्या डोक्यात काही शिरलं नाही. महिला दिनाला त्यांनी आनंदाबाईंना स्टेजवर चढवलं. मागे फलक होता, 'कॅन्सरवर मात करणारी रणरागिणी'.

"मले कॅन्सर झालाच नव्हता," आनंदाबाई माइकवर म्हणाल्या. टाळ्यांच्या नादात कोण ऐकतंय? मग गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून भैयाजी आरोग्यावर बोलले. मधेच स्टेजमागे जाऊन थुंकून येत आणि पुन्हा आरोग्यावर बोलत.

पुढच्या तपासणीत डाग परत दिसला. विषाणू गेलाच नव्हता. दवाखान्याच्या बाकावर आनंदाबाई कितीतरी वेळ बसून होत्या.

गावाला मात्र 'संसर्ग' हा एकच शब्द पुरला. शेजारच्या तानाबाईंनी लेकीच्या लग्नातली रोटी दुसऱ्या बाईला सांगितली. हाताने पसरतं म्हणे. टाळ्या वाजवणारे ते हेच लोक, हे आठवून आनंदाबाईंना रडू आलं नाही, किळस आली.

मग भैयाजी घरी आले. "काकू, परत झाल्याचं बाहेर बोलू नका. पेपरात फोटो आला आपला." चहाचा घोट घेऊन हळूच म्हणाले, "पण हा विषाणू आला कुठून? लोक विचारून राह्यले."

"नवराबायकोच्या संबंधातून येते. अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राह्यते. हे बसले इथं, यायले इचारा."

आनंदाबाईंचे यजमान नत्थूजी जन्मात चारचौघांत बोलले नव्हते. त्यांनी मान वर केली. "माह्याकडूनच आला असंन. सांगा लोकायले."

भैयाजींनी कप खाली ठेवला आणि चपला शोधल्या.

"आरोग्यावर बोलाले येता, अन् आजाराचं नाव काढलं का पळता," आनंदाबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी जागा बधिर करून विजेवर तापणाऱ्या तारेच्या कड्याने डाग कापून काढला. तपासणीत कॅन्सर निघाला नाही, कापलेल्या कडाही स्वच्छ होत्या, म्हणजे डाग पुरता निघाला होता. काही महिन्यांनी विषाणूही सापडला नाही.

"आता बरी म्हणू काय?"

"सध्या बऱ्या आहात. पण यायचं थांबवू नका."

पुढच्या खेपेला एसटीच्या थांब्यावर तानाबाई उभ्या होत्या. "मीही तपासून घ्यावं म्हणते. मले बी संगं नेता काय?"

आनंदाबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "चाल. पण डॉक्टरीणबाई काय सांगते ते नीट आयकजो. गावात येऊन भलतंच सांगत नको फिरू."