उसने दिले होते, दान नाही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षर तर कोंबडीचे पाय. ही वही कोणी उघडलीच तर तेवढ्यापुरती माफी असावी. बाकी जे लिहिते आहे, त्याची मागणार नाही.

नाशिकला मुलींच्या एका बालगृहात मी स्वयंपाक करते. मला चारचौघांत बोलता येत नाही. अधीक्षक मॅडम मीटिंगला बोलावतात तेव्हाही मी दाराशीच उभी असते. मुलींचं वजन, उंची, दूध, अंडी सगळं त्यांच्या रजिस्टरमध्ये असतं आणि ते खरंही असतं. पण स्वयंपाकघरात मुलींना मनाई. भाजेल, कापेल, तपासणीला कोणी आलं तर मुलींना कामाला जुंपता म्हणतील. बाजार तर लांबच.

एक मुलगी चार वर्षांची असताना आली होती. अठरावं लागलं तेव्हा पिशव्या धरायला म्हणून मी तिला द्वारका चौकात भाजी घ्यायला नेलं. तिने मेथीची जुडी घेतली, शंभराची नोट दिली आणि चालू लागली.

भाजीवाली ओरडली, "ए बाय, बाकीचे मला आहेर केले का?"

लोक हसले. मुलगी मला हळूच म्हणाली, "मावशी, पैसे परत पण देतात?"

तेरा वर्षं आम्ही तिला गरम जेवण दिलं होतं आणि वर्षभरात, अठरा पूर्ण झाली की, नियमाप्रमाणे तिला बाहेर पाठवणार होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला स्वयंपाकघरात घेतलं. मॅडमनी पाहिलं. "मावशी, हिचा हात भाजला तर जबाबदार कोण?"

"मी," म्हणाले. तेवढ्यावर थांबले नाही. "आणि बाहेर गेल्यावर गॅससमोर रडत बसली तर कोण?"

मॅडमनी दाराबाहेर एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "दार लोटून घेत जा."

अठरा झाल्यावर तिला कापडाच्या दुकानात काम मिळालं. एकलहऱ्याकडे एक खोली मिळत होती, पण मालकाला आठ हजार डिपॉझिट हवं होतं. माझी भिशी नुकतीच लागली होती. मी तिला आठ हजार उसने दिले.

संस्थेचा वॉचमन म्हणाला, "पाण्यात गेले, मावशी. अशा पोरी परत तोंड दाखवत नाहीत."

"अशा म्हणजे कशा?"

तो नुसता हसला.

दोन महिने तिने पाचशे-पाचशे आणून दिले. तिसऱ्या महिन्यात आली नाही, चौथ्यातही नाही. वॉचमन रोज विचारायचा, "भिशी बुडाली ना?" मॅडम म्हणाल्या, "सोडून द्या हो. अनाथ पोरीकडून काय घ्यायचे!" त्या चांगल्या मनाने म्हणाल्या, तरी मला राग आला.

रविवारी मी तिच्या खोलीवर गेले. दार उघडून ती पुन्हा आत वळली, तोंड दाखवेना. दुकानातून काढलं होतं. दोन वेळा उशीर झाला, एवढंच कारण. आजवर घंटा वाजली की उठायची सवय, घड्याळ लावून उठणं आम्ही कधी शिकवलंच नव्हतं.

"मावशी, ते पैसे माफ करा ना. मी संस्थेतलीच ना शेवटी."

"नाही करणार. जुने कपडे, पाहुण्यांचा केक, सगळं आजवर तुला फुकट मिळालं. माझे उसने आहेत. थोडे थोडे दे, उशिरा दे, पण फेडायचे."

"किती चिकट आहात हो तुम्ही!" ती रडता रडता म्हणाली आणि तिला हसू फुटलं. मग तिने भात टाकला. बोटचेपाच, थोडा कच्चा राहिला होता. मी दोनदा मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात ती इस्त्रीच्या दुकानात लागली. कधी तीनशे आणायची, कधी पाचशे. एका महिन्यात फक्त शंभर आणले, तेही ताठ मानेने. मीही ताठ मानेने घेतले.

परवा दुपारी मी कणीक मळत होते. ती आली आणि ओट्यावर नोटा ठेवल्या. "हात धुवा, मोजून घ्या."

मी हात धुतले, वॉचमनला हाक मारली आणि त्याच्यासमोर मोजल्या. आठ हजार पूर्ण फिटले.