मोकळी दिसणारी जागा

माझ्या थोरल्या जाऊबाई रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुतात आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या टेकडीवर घाणेरी उपटतात. पगार एका कामाचा, कंबरदुखी दोन्हींची! सोबतीला एक सुतार, एक पोस्टमन आणि दोन मास्तरणी. कुणी सांगितल्यात या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला, असं मी त्यांना उठता-बसता ऐकवायचे.

घाणेरी हे भारी माजोरडं झुडूप. आपल्याखाली दुसरं काही जगू देत नाही. ती काढून ही मंडळी जंगलातली जुनी झाडं पुन्हा लावत. पण जाऊबाईंचा जीव अडकला होता एका कंदात. बोटाएवढं पांढरं फूल येतं त्याला, आणि आसपासच्या दुसऱ्या कुठल्याच टेकडीवर तो आता उरलेला नाही. फूल गेलं की पानं सुकतात, कंद मातीखाली झोपतो. वरून बघाल तर नुसती माती.

आणि इथेच या शहाण्यांनी घोळ घातला. कंदांना त्रास नको म्हणून कुंपणालगतची ती जागा अशी लख्ख केली, की काडी दिसेल तर शपथ! पाटी लावली तर चोर नेतील, म्हणून खूणही नाही.

मग आला वनखात्याचा वृक्षारोपणाचा सोहळा. मंडप, भाषणं, खड्डे पाडायचं यंत्र. खात्याच्या साहेबांच्या माणसांना आयती मोकळी जागा दिसली आणि खड्डे पडले नेमके कंदांवर. रोपं तरी कसली? शोभेची, बाहेरून आणलेली! इथे वर्षानुवर्षं राबणाऱ्यांना एका शब्दाने विचारावं? छे, नाव नको!

जाऊबाई पोचल्या तेव्हा टाळ्या चालल्या होत्या. त्यांनी सगळ्यांदेखत रोपं उपटली आणि हाताने माती चाळत बसल्या. बहुतेक कंद चिरले गेले होते. धड उरलेले मूठभर त्यांनी पिशवीत घातले.

कचेरीत बोलावणं आलं, तेव्हा मी सोबत गेले. जाऊबाईंनी चिरलेला कंद मेजावर ठेवला.

"हा बटाटा कशाला आणलात?" साहेब म्हणाले.

"तुमच्या यंत्राने मारलाय."

"बाई, झाडं तुम्ही उपटलीत."

"हो. पुन्हा लावलीत तर पुन्हा उपटीन."

झालं! त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना टेकडीवर बंदी. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझं टाळकंच सणकलं.

घरी आल्यावर जाऊबाई पिशवीकडे बघत बसल्या. "असे उघडे राहिले तर वाळून जातील गं. त्याच मातीत जायला हवेत."

"आणा इकडे," मी म्हटलं. "टेकडीवरचा पहारेकरी मला कुठे ओळखतो?"

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन फाटकातून सरळ आत गेले. जन्मात कधी खुरपं धरलं नव्हतं. जाऊबाई कुंपणापलीकडे, भर रस्त्यात उभ्या राहून ओरडत होत्या, "अगं, एवढं खोल नको! कोंब वर! हळू, हळू!" पहारेकरी टकामका बघत होता. मी त्याच्याकडे असे डोळे वटारले, की तो जागचा हलला नाही.

शेवटचा कंद पुरून मी मागे वळले, तर जाऊबाई तारेला धरून रडत होत्या. दोन हातांवर जागा होती हो! एवढंसं काम, तेही त्यांना स्वतःच्या हाताने करू दिलं नाही मेल्यांनी.