लेथ का विकला

तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं असेल की आजीचा लेथ धोकादायक होता, म्हणून विकला. माझी बाजूही तुमच्याजवळ लिहिलेली असावी.

शिरवळच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आजोबांनी लाकूड कातायला तो घेतला होता. पुढे पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, जीभही अडखळू लागली. मग लेथपाशी मी उभी राहायचे आणि ते खुर्चीत बसून हुकूम सोडायचे. एरवी दिवसभर गप्प असलेला माणूस तिथे बोलायचा. भांडायचासुद्धा.

"स्क्रू केवढे घेतलेस? दाखव."

"अहो, कालचेच आहेत."

"कालचं लाकूड येगळं हुतं. दाखव!"

आटपाडीच्या शेतातली बाभूळ होती. तिच्या गोल तुकड्याच्या सपाट बाजूवर लोखंडी तबकडी ठेवायची आणि तिच्या प्रत्येक भोकातून जाड, लांब स्क्रू घालायचा. तबकडी लेथवर चढवून लाकडाला समोरून टेकू लावायचा. हाताने एक फेरा फिरवून बघायचा, वेग कमी ठेवायचा आणि बटण दाबताना बाजूला उभं राहायचं. वाडग्याचा बाहेरचा आकार झाला की बुडाशी बुटकी गोल खुंटी राखायची. मग वाडगा उलटा करून ती खुंटी चकच्या, म्हणजे लेथच्या पकडीच्या, जबड्यांत आवळायची आणि पोट कोरायचं. इंग्रजी माहितीपुस्तिका मी वाचून दाखवायचे, त्यातलं निम्मं ते मोडीत काढायचे. माझ्या हातून वाडगा कधी सुटला नाही.

दिवाळीला तुमचा बाबा आला. "आई, हो बाजूला. मी इंजिनिअर आहे," म्हणाला. पडद्याच्या दांडीचे उरलेले आखूड स्क्रू त्याने घेतले, तेही एक भोक सोडून एक.

"टेकू... टेकू लाव रं!" आजोबा खुर्चीतून ओरडले.

"हो अण्णा, कळतं मला," म्हणत त्याने पूर्ण वेगावर बटण दाबलं. लाकूड सुटलं आणि खिडकीची काच फोडून अंगणात पडलं. कुणाला लागलं नाही.

"बघ! आणि या वयात तू यावर काम करतेस?"

"मी असं काम करत नाही."

"आई, वाद नको."

तो परत जायच्या आधीच गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात आलं.

"आवं आजी, हे चालवतंय कोण?"

"मी."

"काय बी चेष्टा करताय!" गिऱ्हाईक हसलं. तुमचा बाबाही हसला. आजोबांना कुणी विचारलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

आता तिथे मोठा टीव्ही आहे. रविवारी फोनवर तुमचा बाबा विचारतो, "अण्णा बोलतात का गं हल्ली?" डॉक्टरांनी सांगितलेला जिभेचा व्यायाम मी रोज करून घेते. 'अ' म्हणा, 'आ' म्हणा. ते माझ्याकडे बघतात आणि तोंड मिटून घेतात.