आप्पांनी हात लावून निवडलेला प्रोसेसर

काल मुलाने गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोसेसर बसवला. झाकण उघडंच ठेवून त्याने मशीन सुरू केलं, तेव्हा तापलेल्या धातूचा आणि नव्या प्लॅस्टिकचा वास आला आणि मी बेळगावच्या त्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

दहावीत चांगले मार्क पडले म्हणून माझे वडील, आप्पा, मला रामनगरहून कॉम्प्युटर घ्यायला घेऊन गेले होते. मला गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा होता. टेबलावर दोन उघडी मशीनं चालू होती, एक जुन्या पिढीच्या प्रोसेसरचं ४८६ आणि दुसरं नवं पेंटियम. दोन्ही शंभर मेगाहर्ट्झचीच, पण तो गेम नीट चालायचा पेंटियमवर. हे मी मासिकात वाचून गेलो होतो.

आप्पांची भाताची गिरणी होती. मोटर घेताना ते तिला उलटा हात लावून बघत. तापली की नापास. तसाच हात त्यांनी दोन्ही प्रोसेसरना लावला आणि पेंटियमवरून झटकन काढला.

"ही तापतीया. डोक्यावर पंखा फिरतोय, तरी!"

"काका, जोरात चालतंय म्हणून तापतंय," दुकानदार हसला.

"आप्पा, मला हेच पाहिजे."

"तू किती मोटरी बघितल्यास रे?"

४८६ घरी आलं. गेममधली गाडी जरा पुढे जाऊन थांबायची, मग पुन्हा सरकायची. "ह्याच्यापेक्षा आमची बैलगाडी बरी की!" म्हणत आप्पा मनापासून हसले.

थोड्याच दिवसांत ते मशीन गिरणीच्या हिशोबाच्या कामाला लागलं. आप्पांचं ज्ञान मोटरीपुरतं खरं होतं, हे आज कळतं; राग मात्र गेलेला नाही. त्यानंतर मी त्यांच्याकडे कधीच काही मागितलं नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.