बायकांच्या दारावरची पुतळाबाई

गावात फुकट सिनेमा आहे, ही दवंडी मी दिली, आणि ती सिनेमाच्या तंबूच्या दारात उभं राहून, तंबूच्याच भोंग्यावरून दिली. अकलेचं इतकं उघड प्रदर्शन आमच्या गावात त्याआधी कुणी केलं नव्हतं.

त्याचं असं झालं. बेंबळीच्या पुढं असलेल्या आमच्या गावात मी दूध सोसायटीत कारकून होतो. मॅट्रिक झालेला, उस्मानाबादला टायपिंग शिकून आलेला, म्हणजे गावाच्या मानानं विद्वान. सोसायटीच्या वार्षिक सभेला माणसं येत नसत. चहा ठेवून पाहिला, पेढे ठेवून पाहिले. माणसं पेढा घेऊन सही करायची आणि सभेआधीच निघून जायची. तेव्हा मीच चेअरमन तात्यारावांना सुचवलं, की सोलापुराहून एक दिवस भाड्यानं व्हिडिओ आणू. सभा संपल्यावर तुमच्या घरी सिनेमा. सभेला बसेल त्याला सिनेमा. तात्याराव म्हणाले, "बलभीम, तू शिकलास ते वाया न्हाय गेलं."

सोसायटीचा भोंगा बिघडलेला होता. सिनेमाचा तंबू गावाबाहेरच्या माळावर उभाच होता. मालक महालिंगअप्पांना म्हणालो, अप्पा, जरा सभेचं सांगायचंय. त्यांनी गाणं बंद करून माईक माझ्या हातात दिला. संध्याकाळची वेळ, पहिल्या खेळाची तिकिटं फाटत होती. मी घसा साफ केला आणि शुद्ध भाषेत सांगितलं, की समस्त सभासदांना कळवण्यात येते, उद्या सभेनंतर तात्यारावांच्या घरी रंगीत सिनेमा दाखवण्यात येईल, प्रवेश मोफत, महिलांनीही बहुसंख्येने यावे.

बायकांच्या रांगेतल्या सात-आठ जणींनी एकमेकींकडं बघितलं आणि त्या गावाकडं वळल्या. उद्या फुकट असताना आज पैसे कोण घालतंय.

बायकांच्या दारावर पुतळाबाई उभी होती. हातातलं तिकीट तिनं अर्धं फाडलं होतं, ते तसंच राहिलं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बलभीमा, आवाज मात्र गोड हाय रं तुझा."

पुतळाबाई बुद्धविहाराजवळ राहायची. बहात्तरच्या दुष्काळात ती तलावाच्या कामावर खडी फोडत होती. त्या वर्षी पाऊस नव्हता, पण कामावर आठवड्याला मजुरी होती, म्हणून महालिंगअप्पांनी तंबू तलावाच्या कामाशेजारीच ठोकला. पुरुष आले, बायका येईनात. आत अंधार, दारावर तिकीट फाडणारा पुरुष, आणि तोही बाहेरगावचा. मग अप्पांनी दोन गोष्टी केल्या. तंबूच्या मधोमध कनात लावली, म्हणजे उभा कापडी पडदा, अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. आणि बायकांच्या दारावर खडी फोडणाऱ्यांतली सगळ्यांत तोंडाळ बाई आणून उभी केली. तिचा नवरा पिराजी त्याआधीच मुंबईला काम बघायला म्हणून गेला होता, आणि अजून बघतच होता.

तिथून पुढं पावसाळा सोडला तर दर साल तंबू तेर, बेंबळी, तेरखेडा असा फिरायचा आणि पुतळाबाई तंबूबरोबर. दारावर पुतळाबाई आहे म्हटलं की सासवा सुनांना सोडायच्या. नवरे दारापर्यंत यायचे आणि तिच्या तोंडाला भिऊन लांब उभे राहायचे. एकदा एकजण बायकोला शोधत आत शिरायला लागला, तर ती म्हणाली, "या की, या. लुगडं नेसून या, तिकीट न्हाय मागणार."

कनातीपलीकडं बायका काय करायच्या, हे मला माहीत आहे, कारण मिसरूड फुटेपर्यंत मी त्याच बाजूला बसलो. आईचा पदर धरून शिरायचो आणि पुतळाबाई बघून न बघितल्यासारखं करायची. तिथं बायका डोक्यावरचा पदर खाली टाकायच्या. वाळूत पाय लांब करून बसायच्या. व्हिलनला आईबहिणीवरून शिव्या द्यायच्या. घरात ज्या सुना सासऱ्यापुढं खोकतसुद्धा नव्हत्या, त्या मोठ्यानं हसायच्या, आणि तोच सासरा कनातीच्या दुसऱ्या बाजूला बसून हसत असायचा. कोण कुणाच्या शेजारी बसलीय, कुठल्या आळीची, हेही अंधारात कुणी विचारत नसे.

पुतळाबाईनं मात्र एकही सिनेमा बघितला नव्हता. ती दारात, तोंड बाहेर करून. भाकऱ्या उरकून उशिरा येणाऱ्या बाया, कनातीखालून घुसणारी पोरं, कुणाचं रडणारं लेकरू, सगळं तिच्याकडं. सिनेमा ती पाठीनं ऐकायची. एकदा मला म्हणाली, "तुला लई वेळा फुकट सोडलंय म्या. मोठा झालास की मला धाराशिवच्या टाकीजला न्यायचं. खुर्चीवर बसवायचं. पाठ टेकून, पयल्यापासनं शेवटापर्यंत एक सिनेमा बघायचाय मला." मी म्हणालो, नेतो की मावशी. नववीत होतो, काहीही कबूल करायचं वय.

तर सभा झाली. गर्दी इतकी झाली की तात्यारावांना भाषण दोनदा करावंसं वाटलं. पुढच्याच महिन्यात सभासदांच्या प्रबोधनासाठी म्हणून सोसायटीच्या नावानं टीव्ही आणि व्हिडिओ विकत आला, आणि सुरक्षिततेसाठी म्हणून तात्यारावांच्या ओसरीवर ठेवला गेला. त्या साली पाऊस झाला नव्हता, जनावरं आटत चालली होती, सोसायटीत दूध मोजायचं काम उरलं नव्हतं. तेव्हा व्हिडिओ चालवायचं काम माझ्याकडं आलं. सोलापुराहून कॅसेटी आणायच्या, संध्याकाळी लावायच्या.

तंबूत माणूस येईना. पुरुषांतले काही यायचे, पण ते कुठंही येणारेच होते. बायकांची बाजू रिकामी पडली, आणि बायकांबरोबर पोरं, म्हातारी, अख्खं घर येत असे, तेही गेलं. महालिंगअप्पा पुतळाबाईला म्हणाले, "बाई, शुक्रवारपर्यंत बघतो. तुझी बाजू भरली तर मुक्काम. न्हाय तर खुंट्या उपटतो. आता फिरायलाबी कुठं जागा ऱ्हायली न्हाय, तेरात दोन व्हिडिओ झालेत म्हणं."

पुतळाबाई आधी आली ती व्हिडिओ बघायला. म्हणजे शत्रूचा अंदाज घ्यायला. तात्यारावांची सून तारामती म्हणाली, "या मावशी, बसा." आणि अंगणात तुळशीपलीकडची जागा दाखवली. तिथून टीव्हीची फक्त मागची बाजू दिसत होती. पुतळाबाई बसली नाही. सवयीनं दाराशी उभी राहिली आणि तिनं जे बघितलं ते मला इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं.

ओसरीवर पुढं तात्याराव लोडाला टेकून. त्यांच्या मागं भाऊबंद, मग गावातले थोर, मग थोरांची पोरं. मोठ्या माणसांसमोर सुना बसणार कशा. त्या आत, स्वयंपाकघरात, डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकलेल्या. चहा ठेवायचा, द्यायचा, आणि येता-जाता पडद्याचा एक तुकडा बघायचा. बाकी सगळा सिनेमा कानानं.

सिनेमा संपल्यावर पुतळाबाई तात्यारावांना म्हणाली, "तात्या, एक कनात लावा की मधी. आमच्या तंबूतली देते जुनी. बाया निवांत बघत्याल."

तात्याराव हसले. "अगं, घरात कनात कशाला? सगळी घरचीच माणसं हायती."

"म्हणून तर म्हणते," पुतळाबाई म्हणाली.

ओसरीवर कुणी हसलं नाही. आत स्वयंपाकघरात मात्र कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच भांडं आपटल्याचा आवाज आला.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "आता साऱ्याच माझ्यावानी झाल्या की रं. सिनेमा ऐकायला लागल्या."

मग शुक्रवारपर्यंत ती घरोघर फिरली. परड्यातनं, मागच्या दारानं, हापशावर. बायकांना पटवावं लागत नव्हतं, त्या पटलेल्याच होत्या. "येतो मावशी," सगळ्या म्हणायच्या. तारामतीसुद्धा घागर भरता भरता हळूच म्हणाली, "जमलं तर म्याबी येते." अडचण नवऱ्यांची होती. घरात फुकट दिसतंय तर माळावर पैसे कशाला, या प्रश्नाला बायकांकडं उत्तर होतं, पण ते नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं.

आमच्या घरी आली तेव्हा मी जेवत होतो. आईनं तिला चहा दिला, शेजारी बसवलं, जुने सिनेमे आठवून दोघी हसल्या. शुक्रवारचं विचारल्यावर आई चुलीकडं बघायला लागली. "पुतळाबाई, पोराची नोकरी हाय तिथं. त्यो व्हिडिओ लावणार आन त्याची आई तंबूत दिसली, तर तात्यारावाला काय वाटंल?"

"बरोबर हाय," पुतळाबाई म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. भाकरी फार कडक झाली होती त्या दिवशी, किंवा मला तशी लागली.

शुक्रवारी तात्यारावांनी मला मुद्दाम नवी कॅसेट आणायला लावली. पुतळाबाई फिरतेय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. आत हाक मारून म्हणाले, "आज चहाबरोबर चिवडाबी ठेवा."

ओसरी भरली. माळावर भोंगा वाजायला लागला. सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि लाईट गेली.

अंधारात पहिल्यांदा माळावरचं इंजिन ऐकू आलं. तंबूला स्वतःचं इंजिन होतं, त्यांना लाईटशी देणंघेणं नव्हतं. धडधड धडधड चाललेलं. त्यावर गाणं. स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या, कुणीतरी उठली, मग दुसरी उठली. मागच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

फ्यूज बघतो असं सांगून मी बाहेर पडलो आणि माळाकडं सुटलो. पुतळाबाई दारात होती, तोंड गावाकडं करून. आतल्या वाळूवर चार म्हाताऱ्या पाय पसरून बसल्या होत्या. पुरुषांत वीसेक डोकी.

"गेली का लाईट?" तिनं विचारलं. गावाचा अंधार तिला माझ्याआधी दिसला होता.

"गेली. बायका उठल्यात मावशी. मागचं दार उघडलंय."

तिनं पदर खोचला. तिकिटांचा गठ्ठा हातात घेतला, अंगठा ओला करून वरचं तिकीट मोकळं केलं. अप्पांना ओरडून म्हणाली, "अप्पा, पयल्यापासनं लावायचं बरं का, बाया येतायत." अप्पांनी रीळ थांबवलं. पुरुष ओरडायला लागले, तिनं त्यांना गप्प केलं. वाटेवर खरंच काहीतरी हललं. पाच-सहा जणी असतील, डोक्यावर पदर, पुढं बहुतेक तारामती, कारण चालण्यात लगबग तिचीच होती. हापशापर्यंत आल्या.

आणि लाईट आली.

अख्खं गाव एकदम पिवळं झालं. हापशाजवळच्या खांबावरचा बल्ब लागला आणि त्या सगळ्या उजेडात दिसल्या. कोण कुणाची सून, स्वच्छ. ओसरीवरून तात्यारावांची हाक आली, "बलभीम, अरे कुठं तडफडलास? लाव की." हाक मला होती. पण वळल्या त्या. पाण्यालाच आल्यासारखा हापसा दोनदा हलवला आणि परत गेल्या.

मीही गेलो. जाताना मागं बघितलं तर पुतळाबाई दारातच होती.

"मावशी, आता आत जाऊन बसा तरी," निघताना मी म्हणालो होतो. "दारावर कामच काय हाय?"

"आन कुणी उशिरा आली तर?" ती म्हणाली.

त्या रिकाम्या वाळूवर तिला पाय पसरून अख्खा सिनेमा बघता आला असता. चार म्हाताऱ्यांनी बोलावलंही म्हणे. ती शेवटपर्यंत पाठ करून उभी राहिली. शनिवारी अप्पांनी खुंट्या उपटल्या.

पुढचा उन्हाळा आणखी वाईट गेला. तालुक्याला जनावरांची छावणी सुरू झाली, तिथं महालिंगअप्पांनी तंबूचं कापड विकलं. वैरणीवर सावली म्हणून ते ताणलंय, मी बघितलं. कनातही आहे, तिच्या एका बाजूला गाई, दुसऱ्या बाजूला बैल. पुतळाबाई रोजगार हमीवर गेली, त्याच बहात्तरच्या तलावाचा गाळ काढायला. तलावात पाणी असं फारसं कधी साठलंच नाही, त्यामुळं काम सोपं आहे, असं तीच म्हणते.

तात्यारावांच्या ओसरीवर कनात लागली नाही. तारामती आता येता-जाता पडद्याचा तुकडाही बघत नाही, तिला सिनेमाचा कंटाळा आलाय असं घरातले सांगतात.

परवा सोलापुराहून कॅसेटी घेऊन येताना एसटी तलावाजवळ थांबली. पुतळाबाई टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. खिडकीतून माझ्या पिशवीकडं बघून म्हणाली, "बलभीमा, खुर्ची कवा?"

"येत्या रविवारी मावशी," मी म्हणालो.

"रविवारी तर तुझा दुपारचाबी खेळ असतो."

"मग पुढच्या."

"व्हय," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेतली. एसटी सुटली. पुढच्या रविवारची कॅसेट माझ्या पिशवीतच होती.