सहा वाजून दहा मिनिटांचा माणूस

दीड वर्ष रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी गाढ झोपलेला असायचो. आणि त्याच मिनिटाला ऑफिसच्या ग्रुपवर माझा निरोप पडायचा, "सुप्रभात. मी कामाला बसलोय." हे लिहिताना आजही कानशिलं गरम होतात. पण लिहायचं ठरवलंय, तेव्हा काही वगळणार नाही.

मी चेन्नईत सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे. हाताखाली चौदा माणसं. राहतो वेलचेरीत, तिसऱ्या मजल्यावर. आमचे मोठे साहेब बंगळुरात बसतात, पाचला उठतात, आणि आपण पाचला उठतो हे सहाच्या आत सगळ्यांना कळवतात. सोबत तळ्याकाठचा फोटो. सोमवारच्या मीटिंगमध्ये ते म्हणायचे, "जो सकाळी लवकर दिसतो, त्याची मला काळजी नसते." मला वाटायचं, साहेबांना आपली काळजी असण्यापेक्षा नसलेलीच बरी. पण मी जन्मजात आठला उठणारा माणूस. आईने पाणी मारून पाहिलं, बायकोने मिक्सर लावून पाहिला.

माझा उद्धार केला माझ्याच टीममधल्या एका मुलीने. मुलगी म्हणतो, पण पस्तिशीची. तिचं घराणं तंजावरकडचं मराठी, कित्येक पिढ्या तमिळ मुलुखात मुरलेलं. तिचं मराठी माझ्यापेक्षा जुनं आणि तमिळ माझ्या कल्पनेपलीकडचं. नवरा कामासाठी कोइम्बतूरला, घरात ती आणि तिचे अप्पा. अप्पा बँकेतून निवृत्त झालेले, गुडघे इतके गेलेले की उचलल्याशिवाय एक पायरी चढता येत नाही. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर राहायची.

एकदा मी तिला विचारलं, "तुझे सगळे निरोप बरोब्बर दहा वाजता कसे गं येतात?"

"ते मी आधीच लिहून ठेवतें, सर. अप्पांचं जेवण झालं की वेळ मिळतो. पण तेव्हा पाठवला तर समोरच्याचं जेवण बिघडतं. म्हणून हे घड्याळ." तिने चॅटमधल्या पाठवायच्या बटणाशेजारचा बारीक बाण दाबून दाखवला. दिवस निवडायचा, वेळ निवडायची, बस्स.

"आणि तेव्हा आपला फोन बंद असला तर?"

"तरी जातो. एकदा लावला की तो चॅटवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर गेला. आपण मेलों तरी जातो, सर," असं म्हणून ती हसली.

दुसऱ्याची सकाळ मोडू नये म्हणून ती जे बटण वापरायची, ते मी त्याच संध्याकाळी दुसऱ्यांच्या सकाळीत घुसायला वापरलं. सहा दहाचा निरोप गेला. सहा पंधराला साहेबांचा अंगठा आला. मी तो आठ वाजता, पांघरुणात, डोळे चोळत पाहिला. इतकं फुकटचं कौतुक आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

मग त्याचं शास्त्र झालं. इथल्या घरांत रविवारी आठवड्याचं इडलीचं पीठ वाटून ठेवतात, तसे मी रविवारी दुपारी आठवड्याचे निरोप वाटून ठेवू लागलो. रोज सहा दहा संशयास्पद दिसेल म्हणून कधी सहा आठ, कधी सहा तेरा. एखाद्या निरोपात मुद्दाम एक स्पेलिंग चुकवायचं, म्हणजे घाईत लिहिल्यासारखं वाटतं. सोमवारी उत्साह, मंगळवारी आपुलकी, बुधवारी धाक, गुरुवारी उपदेश, शुक्रवारी आभार. बायको म्हणायची, "एवढी मेहनत घेताय, त्यापेक्षा उठलात तर कमी त्रास होईल." तिला व्यवस्थापनातलं काही कळत नाही, असं मी तेव्हा समजत होतो.

टीममधली माणसंही हळूहळू सहाला उत्तरं देऊ लागली. साहेब जागा आहे म्हटल्यावर कोण झोपणार? चौदा घरांतल्या चौदा माणसांना मी उठवलं आणि स्वतः झोपून राहिलो. ते तेव्हा टोचलं नाही. टोचायला आधी पाणी भरावं लागलं.

कार्तिकातला पाऊस वेलचेरीला नवा नाही. वादळाची सूचना आली की लोक आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात आणि दूध, मेणबत्त्या आणतात. त्या वर्षीही तेच केलं. सोमवारी दुपारपासून कोसळायला लागला. संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी. वीज गेली, मग नेटवर्क गेलं, मग फोनची बॅटरीही. तीन दिवस आम्ही नवरा-बायको पत्ते खेळलो, उपमा खाल्ला, आणि मी दुपारीसुद्धा झोपलो. कबुली द्यायची तर पूर्ण द्यावी: ते तीन दिवस मला सुखाचे गेले. ऑफिस नाही, साहेब नाहीत. रविवारी लावून ठेवलेल्या निरोपांची मला आठवणसुद्धा झाली नाही.

गुरुवारी दुपारी नेटवर्क आलं. फोन पाच मिनिटं नुसता थरथरत होता. ऑफिसचं चॅट उघडलं. आमचे निरोप इंग्रजीत असतात, इथे मराठी करून देतो.

मंगळवार, सहा वाजून अकरा. मी: "सुप्रभात. मी जागाच आहे. कोणाला काही अडचण असेल तर निःसंकोच मला सांगा."

मंगळवारचा तो आपुलकीचा होता.

मंगळवार, सहा वाजून एकोणीस. ती, फक्त मला: "सर, बरं झालं तुमचं नेटवर्क चालू आहे. माझं येऊन-जाऊन आहे. घरात पाणी शिरलंय. अप्पा पलंगावर आहेत, पलंगाच्या कडेला पाणी लागलंय. मला एकटीला उचलवत नाहीत. तुमच्या इमारतीतले कोणी दोघं घेऊन येता का? तुमच्याकडे दोन दिवस ठेवता आलं तर फार बरं होईल. अप्पा म्हणतात, आपलाच माणूस आहे, सांग त्याला."

मंगळवार, आठ वाजून दोन. ती: "सर?"

बुधवार, सहा वाजून नऊ. मी, ग्रुपवर: "ज्यांचं कालचं काम राहिलंय त्यांनी कारणं न सांगता आज पूर्ण करावं."

त्याखाली साहेबांचा अंगठा.

त्यानंतर तिचं काही नव्हतं.

मी तसाच चप्पल घालून मांडीएवढ्या पाण्यातून तिच्या घरी गेलो. दाराला कुलूप. समोरचा इस्त्रीवाला पहिल्या मजल्याच्या गच्चीतून ओरडला की पेरियवर, म्हणजे म्हातारे गृहस्थ, वर आमच्याकडे आहेत. त्याने आणि त्याच्या भावाने मंगळवारी दुपारी अप्पांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचललं होतं. तोपर्यंत अप्पा पाण्यात भिजलेल्या गादीवर बसून होते. सहा तास.

वर जायचं धैर्य झालं नाही. खालूनच तिला फोन केला. म्हटलं, "अगं, मला आत्ता..."

"परवाइल्लै, सर," ती म्हणाली. परवाइल्लै म्हणजे असू दे, काही हरकत नाही. चेन्नईत हा शब्द दिवसातून शंभरदा ऐकू येतो. इतका थंड मी कधी ऐकला नव्हता. "झालं आता. कालचं काम मी शुक्रवारपर्यंत देतें."

आणि पुढच्या आठवड्यात तिचा दुसऱ्या टीममध्ये बदलीचा अर्ज माझ्याकडे मंजुरीला आला. कारण: वैयक्तिक.

आता माझ्यासमोर दोनच रस्ते होते. खरं सांगितलं तर मी लबाड ठरत होतो. गप्प बसलो तर निर्दय ठरत होतो. मी खूप विचार केला आणि निर्दय ठरणं पत्करलं. कॉर्पोरेट जगात निर्दय माणसाला बढती मिळते, लबाडालाही मिळते, पण पकडलेल्या लबाडाला मिळत नाही. तिला घड्याळाचा संशय कसा आला नाही, याचं मला नवल वाटायचं. बटण तर तिनेच दाखवलं होतं. मग उमगलं: साहेब ढोंगी असेल यापेक्षा साहेब दगड असेल, हे माणसांना लवकर पटतं. त्यांना अनुभव असतो.

अर्जावर सही करायला मी दिवस ढकलत होतो, तेवढ्यात मोठ्या साहेबांनी माझा सत्कार ठरवला. पडद्यावरून ते सगळ्यांना म्हणाले, "शहर बुडालं होतं. वीज नव्हती. पण हा माणूस रोज सकाळी सहाला आपल्या टीमसाठी हजर होता!" टाळ्या झाल्या. इथे सत्कार म्हटला की जरीकाठी शाल, पोन्नाडै, खांद्यावर घालतात. ती घालायला टीममधलं कोणीतरी हवं. एचआरच्या बाईंनी तिला पुढे ढकललं.

तिने शाल नीट उलगडली, माझ्या दोन्ही खांद्यांवर सारखी केली. फोटो काढणारा म्हणाला, "मॅडम, जरा हसा." ती हसली. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "अप्पांना खोकला आहे अजून. पण बरे आहेत. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगतें."

ती शाल घेऊन मी रविवारी तिच्या घरी गेलो. भिंतींवर पलंगाच्या उंचीची पाण्याची रेघ होती. अप्पा खुर्चीत बसले होते. मला पाहून हात जोडले. "यावें, यावें. बसावें. कॉफी घेणार न?"

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बसा म्हणाली नाही.

मी शाल टीपॉयवर ठेवली आणि सगळं सांगितलं. रविवारचं पीठ, मंगळवारची आपुलकी, बुधवारचा धाक, मुद्दाम चुकवलेली स्पेलिंगं. ऐकताना तिचा चेहरा असा काही बदलत गेला की मी शेवटी जमिनीकडे पाहूनच बोललो.

"म्हणजे माझा निरोप तुम्ही वाचलाच नव्हता?"

"गुरुवारी वाचला."

"आणि मंगळवारी सहाला काय करत होता?"

"झोपलो होतो."

"आणि त्या आधी? रोज?"

"रोज झोपलेलो असतो."

ती मटकन बसली. "अय्यो, सर! दीड वर्ष मी पावणेसहाचा गजर लावून उठतें! तुम्ही जागे म्हणून!"

"मला माहीत आहे."

"महिनाभर मी तुम्हाला राक्षस समजत होतें. अप्पांशी भांडलें. आपला माणूस, आपला माणूस म्हणत होतात, बघा म्हटलं तुमचा माणूस."

"आणि आता?"

तिने शाल टीपॉयच्या कडेला सरकवली. मग म्हणाली, "आता नुसते झोपाळू. आणि खोटारडे. राक्षस नाही. पण राक्षस परवडला असता हो, सर. तो निदान खरोखर जागा तरी असता."

अप्पांनी आतापर्यंत सगळं शांतपणे ऐकलं होतं. ते तिला म्हणाले, "मी सांगितलें नव्हतें तुला? हा जागा असता तर आला असता."

त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की मला मान हलवावी लागली. पण खरं म्हणजे मला ठाऊक नाही. जागा असतो, निरोप वाचला असता, तर कमरेएवढ्या पाण्यात उतरलो असतो का? की आधी अग्निशमन दलाचा नंबर पाठवून वर अंगठा दिला असता? झोपेने माझी लबाडी उघडी पाडली, पण या प्रश्नापासून मला वाचवलं. अप्पांनी माझ्यावर ठेवलेला तो विश्वास शालीपेक्षा जड आहे आणि तो टीपॉयवर ठेवून येता येत नाही.

"फोन काढा," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्याचे लावलेत?"

लावले होते. त्या दुपारीच. कबुली द्यायला निघण्यापूर्वी.

"पुसा. माझ्यासमोर."

मी एकेक करून पाच निरोप पुसले. आपुलकीचा पुसताना ती वाकून वाचत होती. "छान लिहिता," म्हणाली.

सोमवारी मी मोठ्या साहेबांना फोन करून तेच सगळं सांगितलं. पलीकडे खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "ते बटण नेमकं कुठे असतं? फोटोसुद्धा लावता येतो का?"

तिने बदलीचा अर्ज मागे घेतला नाही. मी तो मंजूर केला. शिफारशीत लिहिलं की ही बाई दुसऱ्याच्या वेळेचा मान राखते, आणि हे मी तिच्याकडून शिकलो नाही ही माझी चूक. एचआरने दुसरा अर्धा भाग गाळला. टीमला सांगितलं की नऊच्या आधी मला कोणी उत्तर देऊ नये. पहिले काही दिवस त्यांना वाटलं ही परीक्षा आहे.

ती दुसऱ्या टीममध्ये गेल्यानंतरच्या सोमवारी सकाळी आठला फोन पाहिला, तर तिचा निरोप होता. वेळ, सहा वाजून दहा. "अप्पा विचारतात, उठलां का?"

मंगळवारीही तोच. बुधवारीही. आता त्याला वर्ष होत आलं. रोज सहा दहाला येतो, आणि मी रोज आठ वाजता खरं खरं लिहितो, "आत्ता उठलो." ती लावून ठेवते हे उघड आहे. सहाला तिच्या घरी कोणी जागं नसतं.

फक्त पाऊस असला की मी गजर लावतो. सहा दहाला निरोप येतो, पण निरोप आला म्हणजे माणसं कोरडी आहेत असं नसतं, हे मला सोडून आणखी कोणाला ठाऊक असणार? म्हणून मी फोन करतो. गेल्या कार्तिकात असाच केला. बराच वेळ वाजला, मग अप्पांनी उचलला.

"पाणी नाही ना शिरलं?" मी विचारलं. "मी बूट घालून तयार आहे."

"पाणी कुठलें? नुसती सर आली," अप्पा जांभई देत म्हणाले. "आज रविवार आहे हो. निजूं द्या की."