अण्णांच्या खांद्यावरचा हात

बंगळूरची गाडी नगर स्टेशनात थोडाच वेळ थांबते. त्या दिवशी अण्णांनी माझी बॅग सीटखाली सारली, ती दोनदा हलवून पाहिली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. वडील म्हणून काहीतरी बोललं पाहिजे असं त्यांना वाटत असावं. गाडी हलली तेव्हा ते म्हणाले, "बाई, करमलं न्हाई तर सरळ निघून ये. इचारायचं न्हाई कुनाला."

करमलं नाही, पण मी निघूनही आले नाही. तिसगावच्या फ्लेक्सच्या दुकानात शिकलेलं काम मला सावेडीतल्या छापखान्यात आणि तिथून बंगळूरला घेऊन गेलं. इथे मी खाण्याच्या पाकिटांची डिझाइन्स करते. क्लायंटला पानाच्या आकारात शेत हवं असतं, नाहीतर पेल्याच्या आकारात गाय. आधी आकार काढायचा, मग त्यात फोटो बसवायचा. आम्ही त्याला क्लिप करणं म्हणतो. घरमालकीण रोज जिन्यात "ऊटा आयता?" म्हणून विचारते आणि मी "आयतु" म्हणते. जेवण झालं की नाही हे विचारणारं माणूस परक्या भाषेतही आपलंच वाटतं, हे मला इथे येऊन कळलं.

मागच्या हिवाळ्यात अण्णा गेले. शेतातून आले, ओट्यावर टेकले आणि तिथेच संपलं. मी विमानानं पुण्याला आणि तिथून गाडी करून गावात पोचले, तोवर सगळं उरकलं होतं. लोकांनी माझी वाट पाहिली होती, पण दिवस मावळायला आला होता. तुमच्यापैकी जे लांब गेलेत, त्यांना ही भीती ठाऊक असेल. माझ्या बाबतीत ती खरी झाली.

दहाव्यासाठी श्रद्धांजलीचा फ्लेक्स बोर्ड करायचा होता. आई म्हणाली, "दुसऱ्याकडं देऊ नको. तूच कर." मी लॅपटॉप घेऊन बसले, पण फोटो सापडेना. अण्णा कॅमेऱ्यासमोर ताठ व्हायचे. आधारकार्डावर तर ते कुणाला तरी रागावल्यासारखे दिसतात. त्यांचा हसरा फोटो एकच होता, घोडेगावच्या बाजारात मीच मोबाईलवर काढलेला. अण्णांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं, आमच्या नानांनी, त्या दिवशी भागीत बैलजोडी घेतली होती. मागे बैल, पुढे दोघं भाऊ आणि अण्णांच्या खांद्यावर नानांचा हात.

पुढे एका कोरड्या वर्षी चारा संपला आणि नानांनी त्यातला एक बैल अण्णांना न विचारता विकला. जोडी मोडली ती मोडलीच. बांधाला बांध असूनही दोघं पुन्हा बोलले नाहीत. अण्णा गेले त्या दिवशी नाना आले होते म्हणे, पण मागे, गर्दीत उभे होते.

आई स्क्रीनकडे बघून म्हणाली, "फोटू चांगलाय. पर त्यांना काढ त्यातून."

मी लंबगोल काढला आणि फोटो त्यात बसवला. बैल गेले, नाना गेले, पण खांद्यावर चार बोटं राहिली. मग मी आकाराची रेघ बोटांच्या आतून वळवली. बोटं गेली, पण अण्णांच्या खांद्याला खड्डा पडला.

"खांदा असा का दिसतोय गं?" आईनं विचारलं. "कुनी चावा घेतल्यावानी."

"तिथं नानांचा हात आहे. तो काढला की खांदा तुटतो."

"मंग नाना गेलं कुटं?"

"गेले नाहीत. आत तसेच आहेत, फक्त झाकलेत." मी क्लिप उघडून दाखवली. बैल, बाजार आणि हसणारे नाना, सगळे पुन्हा दिसायला लागले. तो हात पुसून तिथे सदरा रंगवणं मला जमलं असतं. रोज तेच करते मी. पण मी ते बोलले नाही आणि आईची वाट पाहिली.

आईनं स्क्रीनवरच्या त्या हातावर बोट ठेवलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "हात ऱ्हाऊ दे."

दहाव्याला नाना आले आणि कडुलिंबाखाली लांब उभे राहिले. प्रवचन संपल्यावर लोक पांगले, तेव्हा ते बोर्डापाशी गेले. मी जवळच होते.

"ह्यो हात माजा हाय," ते म्हणाले.

"व्हय, नाना."

"आन् मी?"

लॅपटॉपवर आईला दाखवता आलं होतं, पण ताणून बांधलेल्या फ्लेक्सवर काय उघडून दाखवणार? नाना तसेच वळले. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. ती त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "जेवल्याबगर जाऊ नका म्हनावं भाऊजींना."

नाना पंगतीत शेवटी बसले. मान खाली घालून जेवले आणि जाताना स्वतःचं ताट उचलून ठेवायला लागले, तर आईनं ते हातातून काढून घेतलं. बोलणं काही झालं नाही. सगळं मिटलं असं मी सांगणार नाही. पण पुढच्या पेरणीला नाना आमच्या वावरात न बोलावता आले आणि आईनं त्यांना अडवलं नाही.

गावात राहिलेल्यांना वाटतं, गेलेली माणसं घर विसरतात. गेलेल्यांना वाटतं, घर आपण सोडलं तसंच थांबलंय. दोन्ही खरं नाही. अण्णा होते तोवर घर म्हणजे अण्णा, एवढं माझ्यासाठी सोपं होतं. ते गेल्यावर मला वाटलं, आता तिथे फक्त आई राहते, आणि तिला बंगळूरला आणलं की घर हलवून झालं. तसं मी तिला म्हणालेही. ती म्हणाली, "मी येते चार दिस. पर घर कसं आनू?"

परवा गावी गेले. तिसगावच्या स्टँडवर उतरले आणि चालायला लागले, कारण अण्णा नसताना आता घ्यायला कोण येणार? पलीकडे मोटरसायकल लावून नाना उभे होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली, पुढे टाकीवर ठेवली आणि किक मारली.

"वहिनीनं धाडलंय," ते म्हणाले. "बस नीट. रस्ता लई उकरलाय."